काळी चार

यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी ‘संगीत मानापमान’ ठरले आणि भामिनीची भूमिका माझ्याकडे आली, तेव्हा अर्धे काम झालेच आहे असे मला वाटले. सारी पदे आजीकडून ऐकून पाठ होती. राहिले ते चार संवाद!

पहिल्याच तालमीत हा भ्रम उतरला. बैठकीत मांडी घालून गाणे निराळे आणि दोन पाने गद्य ठसक्यात बोलून, नऊवारी शालूचा घोळ सांभाळत षड्ज लावणे निराळे. बोलताना दम छातीत चढतो; गाण्याला तो पोटातून हवा असतो. शिवाय ऑर्गनचा सूर ऐकायचा, पण ऐकते आहे हे दिसू द्यायचे नाही. माझी मान दर वेळी तिकडे वळे. “भामिनी धैर्यधरावर रागावली आहे की माझ्यावर?” ऑर्गनवाले काका विचारत.

मी काळी पाचमध्ये गाणारी. आठव्या दिवशी बाई म्हणाल्या, “काळी चारमध्ये गा. तीन तास निभवायचे आहेत.” पट्टी उतरवणे म्हणजे सर्वांदेखत माझा अपमान, असे मी धरून बसले. बाईंनी परोपरीने समजावले. गोविंदराव टेंब्यांनी या नाटकाला पूरबच्या ठुमरी-दादऱ्याच्या चाली दिल्या, त्या जोर लावून गायच्या नसतात, असेही सांगितले. मी ऐकले नाही. पाचव्या दिवशी तार षड्जावर आवाज फाटला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उमटेचना. प्रयोगाला बारा दिवस उरले होते.

डॉक्टरांनी आठवडाभर मौन सांगितले. चिठ्ठ्या लिहून बोलायची पाळी आली. तालमीत माझ्या जागी प्रथम वर्षाची एक मुलगी उभी राहिली. ती काळी चारमध्ये गायली. शब्द न् शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. माझा मात्र जळफळाट झाला. खोटे कशाला सांगू?

१२ मार्च १९११ रोजी, पहिल्या प्रयोगाच्या दिवशी, बालगंधर्वांची लहानगी मुलगी गेली होती, तरी ते भामिनी म्हणून उभे राहिले, ही गोष्ट मला त्या आठवड्यात प्रत्येकाने ऐकवली. सगळे धैर्याचे कौतुक करीत. मला मात्र एकच कोडे पडे. रडल्यावर गळा आवळतो, तो सूर लावू देत नाही. मग बावीस वर्षांच्या त्या माणसाने तो मोकळा कसा ठेवला असेल? याचे उत्तर कुणाजवळच नव्हते.

आठ दिवसांनी तालमीला गेले. काकांनी काही न विचारता काळी चार धरली. मीही काही बोलले नाही.

प्रयोग पार पडला. एक तान मी सोडून दिली, ती बाईंच्या ध्यानात आलीच. प्रथम वर्षाची ती मुलगी रात्रभर विंगेत कोमट पाण्याचे भांडे घेऊन बसली होती.