काट्यावरची नोंद

चिचगड, ता. देवरी, जि. गोंदिया

चि. छकुली हिस,


परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. तुझं म्हणणं, बीसीसीएला, म्हणजे कॉमर्स आणि कॉम्प्युटर मिळून असलेल्या तुझ्या पदवीला, अकाउंट्स आणि कॉस्टिंगचे पेपर ओझं वाटतात, कोडिंग तेवढं कामाचं, आणि इंजिनिअरिंगच्या मुली तुमच्या पदवीला अर्धवट म्हणतात. कॉमर्सवाल्यांना तुम्ही कॉम्प्युटरवाले वाटता, कॉम्प्युटरवाल्यांना कॉमर्सवाले. बाळा, ज्या अर्ध्याचा तुला कंटाळा येतो आहे, तोच अर्धा तुला पुढे नेणार आहे, असं मला मनापासून वाटतं. का, ते सांगतो.

धंद्याच्या हिशेबासाठी जगातला पहिला संगणक कोणी चालवला, ठाऊक आहे? लंडनच्या जे. लायन्स या चहाची दुकानं आणि बेकऱ्या चालवणाऱ्या कंपनीने. त्या संगणकाचं नाव लिओ, साल १९५१, आणि पहिलं नेमाचं काम होतं बेकरीच्या मालाचं मूल्य काढायचं. या संगणकाला काय काम द्यायचं, कोणत्या क्रमाने द्यायचं हे ठरवणारा डेव्हिड कॅमिनर कंपनीच्या हिशेबाच्या पद्धती तपासणाऱ्या खात्यातून आला होता. पाव कुठे भाजतो, गाडी किती वाजता निघते, उरलेला माल कोणाच्या नावावर पडतो, हे त्याला आधीपासून माहीत होतं. आपल्याकडच्या टॅलीचंही तसंच. १९८६ साली भरत गोयंका यांनी ते सुरू केलं, ते वडिलांच्या व्यवसायाचा हिशेब नीट ठेवणारं सॉफ्टवेअर बाजारात मिळेना म्हणून.

आता आपल्या धानाकडे ये. यात मी इतकी वर्षं घालवली आहेत की इथे थोडा लांबणार.

आधारभूत खरेदी केंद्रावर धान येतं ते ४० किलोच्या कट्ट्यात. २०२५-२६ च्या हंगामाला साधारण धानाचा हमीभाव २,३६९ रुपये क्विंटल होता. ओलावा १७ टक्क्यांपर्यंत चालतो. काट्यावर वजन होतं, पावती फाटते, कट्टे गोदामात जातात. गोदाम भरलं तर ताडपत्रीखाली उघड्यावर. मग भरडाईचा आदेश येईपर्यंत महिने जातात. मिलवाल्याने १०० किलो धानामागे ६७ किलो तांदूळ द्यायचा असतो. हे सगळं आता ऑनलाइन आहे आणि स्क्रीनवर फार सोपं दिसतं: आलेलं वजा गेलेलं, उरलेलं शिल्लक.

पण धान वाळतं, छकुली. १७ टक्के ओलाव्याच्या १०० किलोत कोरडा भाग ८३ किलो. तेच धान उन्हाळ्यात १३ टक्क्यांवर उतरलं, तर ८३ भागिले ०.८७, म्हणजे ९५ किलो ४०० ग्रॅमच्या आसपास उरतं. क्विंटलमागे साडेचार किलोहून थोडं जास्तच गेलं. दाणा एकही कमी झाला नाही. ज्या प्रोग्रामात ओलाव्याचा रकाना तारखेसकट नाही, तो या घटीला तूट म्हणणार. मग तूट कोणाची, हा प्रश्न येतो आणि बोट दाखवलं जातं गोदामाच्या चावीकडे. खरी चोरी आणि उन्हाने खाल्लेलं वजन, दोन्ही एकाच आकड्यात मिसळून जातात. त्यामुळे निर्दोष माणूस अडकतो आणि चोर सुटतो. वजाबाकी तुझ्या इंजिनिअरिंगच्या मैत्रिणीलाही येते. तिथे एक रकाना हवा, हे सुचायला मात्र धानाचं वाळणं आणि स्टॉक रजिस्टर, दोन्ही कळावं लागतं. कॉस्टिंगच्या पुस्तकात ‘सामान्य घट’ आणि ‘असामान्य घट’ असे दोन भाग आहेत ना? कंटाळा करू नकोस, तो धडा पुन्हा वाच.

नोंदणीचंही बघ. सातबारा, पीक पाहणी, आधार, बँकेचं पासबुक, एवढं लागतं. फॉर्म म्हणतो, एक शेतकरी, एक खातं. आपल्याकडे सातबारा चार भावांचा सामाईक, बांधी कसतो एक, एक भाऊ नागपूरला, एक वारलेला आणि त्याच्या वारसांची नोंद अजून व्हायची. शेजारच्या गावी वनहक्काचा पट्टा, त्याचा कागदच वेगळा. हे अपवाद म्हणून सोडून देता येणार नाहीत, कारण देवरी तालुक्यात अशी घरं गावोगावी सापडतील. ‘शेतकरी’ म्हणजे नेमकं कोण, हे ठरवल्याशिवाय तुझं पहिलं टेबलसुद्धा बनणार नाही.

२०१७ सालची कर्जमाफी तू लहान असताना झाली. अर्ज ऑनलाइन, याद्या संगणकावर. आणि त्या याद्यांत एकाच आधार क्रमांकावर अनेक शेतकरी दिसू लागले. यंत्रणेला दोन माणसं वेगळी कशी ओळखायची तेच कळेना. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि लोक बँकेच्या पायऱ्या झिजवत राहिले. तुझ्या डीबीएमएसच्या पेपरात प्रायमरी की दोन मार्कांना येते. त्या दोन मार्कांत एखाद्या घराचं वर्ष बुडू शकतं, एवढं लक्षात ठेवून तो प्रश्न सोडव.

नोकरीची काळजी करू नकोस असं मी म्हणणार नाही, ती असतेच. नागपूरच्या मिहानला टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, तू प्रयत्न कर. पण जीएसटी आल्यापासून गोंदियाच्या राइस मिलला आणि देवरीच्या किराणा ठोक दुकानालाही हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही कळणारं माणूस हवं असतं, हेही मी रोज पाहतो.

आता प्रोजेक्टचं. लायब्ररी मॅनेजमेंटचा तयार प्रोजेक्ट विकत मिळतो आणि वर्गातल्या बऱ्याच जणी तोच घेणार आहेत, असं तू म्हणालीस. तू घेऊ नकोस. तेंदूपानाची फडी, म्हणजे पानं गोळा होतात ती जागा, घे. आपल्या भागात सामूहिक वनहक्क मिळालेल्या काही ग्रामसभा पान स्वतः विकतात. माणसं पहाटे जंगलात जातात, दुपारी सत्तर पानांचा एकेक पुडा बांधतात, संध्याकाळी फडीवर मुन्शी मोजून कार्डावर आकडा घालतो. मजुरी शेकड्यावर. खराब पुडा बाजूला काढतात, बाकीचे उन्हात मांडतात, उलटतात, मग बोदात, म्हणजे मोठ्या पोत्यात, भरतात. मोजलेले पुडे आणि बोदात गेलेले पुडे, या दोहोंमधला फरक कुठे पडला ते वहीवरून सांगणं अवघड जातं. हा फरक दाखवणारी साधी नोंद तू बनव. फडीवर नेटवर्क मिळेलच असं नाही, तेव्हा नोंद फोनमध्येच टिकली पाहिजे आणि रस्त्याला लागल्यावर वर गेली पाहिजे. ज्या बाईने पान तोडलं तिला आपला आकडा त्याच संध्याकाळी दिसला पाहिजे; तिला वाचता येत नसेल तर फोनने तो बोलून दाखवावा, गोंडीत झालं तर फारच चांगलं. चुकलेला आकडा खोडता येऊ नये, दुरुस्ती वेगळ्या ओळीत यावी, कोणी केली त्याच्या नावासकट. आमच्या कीर्द-खतावणीचा नियम तोच होता.

एप्रिलच्या शेवटी किंवा मे लागताना तोडाई सुरू होईल. तुझी परीक्षा तोवर आटोपली तर पहिले चार दिवस नुसतं फडीवर बसायचं, लॅपटॉप घरी. मुन्शीची वही बघायची, कोणत्या गोष्टी तो वहीत न लिहिता डोक्यात ठेवतो ते विचारायचं. त्याआधी ग्रामसभेची परवानगी लागेल. अर्ज तू तुझ्या हाताने लिही, कोणती माहिती घेणार आणि ती कोणाकडे राहणार हे त्यात स्पष्ट असू दे. गाइड मॅडमना हा विषय चालेल का, तेही आत्ताच विचारून ठेव. मोठी आई म्हणते, येताना रात्रीची गाडी धरू नकोस. देवरीला उतरलीस की फोन कर, मी घ्यायला येतो.

तुझे
मोठे बाबा