सैल आरसा

आमच्या वयोवृद्ध व्हॅनचा डावा आरसा वेगाबरोबर मान टाकून मागच्या वाहनांऐवजी रस्त्याकडेची गटारे दाखवू लागला, तेव्हा गॅरेजची पायरी न चढता त्याचा बंदोबस्त स्वहस्ते करण्याचा मनसुबा मी घरात जाहीर केला. दाराच्या आतील त्रिकोणी झाकण अलगद उचकटताच कारण प्रत्यक्ष दिसले: अविरत कंपनाने स्क्रू सैल झाले होते आणि त्यांच्याखालचे स्प्रिंग वॉशर गंजून चपटे पडले होते. आरसा १ अंशाने ढळला की परावर्तित किरण २ अंशांनी ढळतो, म्हणून एवढीशी शिथिलताही क्षम्य नव्हे. (सुतळीने आरसे बांधणाऱ्यांच्या धैर्याचे मला नवल वाटते.) नवे वॉशर घालून स्क्रू आळीपाळीने, बेताने आवळले, कारण अतिआवेशाने प्लास्टिकचा पाया तडकतो. उजव्या आरशाची फिर्याद मात्र तूर्त तहकूब आहे.