रक्त न येणाऱ्या हिरड्या

जबलपूरजवळच्या खमरिया येथील आयुध निर्माणीत दारूगोळा तयार होतो. साहजिकच काडेपेटी आणि विडी फाटकाबाहेर ठेवल्याखेरीज कोणालाही आत पाऊल टाकता येत नाही. वडील खडकीहून बदलून आले आणि मुलगाही याच कारखान्यात लागला, असे एक मराठी गृहस्थ तेथे तीन दशकांहून अधिक काळ तपासणीच्या कामावर होते. हातात गेज, समोर पितळी टोप्या, आणि मिलिमीटरच्या अंशावर माल पास किंवा नापास. आठ तास विडीवाचून काढायचे आणि भोंगा झाला की फाटकाबाहेर लागोपाठ दोन ओढायच्या, हा त्यांचा शिरस्ता होता.

निवृत्तीनंतर खोकला बळावला आणि त्यांनी विडी सोडली. काही आठवड्यांतच दात घासताना थुंकीत रक्त दिसू लागले. त्यांना आईची आठवण झाली. सातारा भागातली ती बाई, तव्यावर तंबाखू भाजून घरीच मशेरी करी. तो खमंग, डोळ्यांत झोंबणारा धूर क्वार्टरच्या मागच्या अंगणातून गल्लीभर पसरे. मशेरीने हिरड्या घट्ट राहतात, रक्त म्हणून येत नाही, असे ती शेजारणींना सांगे. पन्नाशीतच तिच्या तोंडात मोजके दात उरले होते, पण रक्त कधी आले नव्हते हे खरे. मुलाने त्यावरून सरळ हिशेब मांडला: तंबाखू होता तोवर हिरड्या शाबूत होत्या, तो सुटला आणि त्या बिघडल्या. विडी पुन्हा धरण्याच्या ते अगदी बेतात आले होते.

हा हिशेब वरवर निर्दोष दिसतो, म्हणूनच तो घातक आहे. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर जिवाणूंचा चिकट थर साचतो. शरीर त्याच्याशी झुंज घेते, तिथला रक्तपुरवठा वाढतो, हिरडी सुजते आणि स्पर्श होताच रक्त येते. रक्त येणे ही धोक्याची घंटा आहे. धूम्रपान करणाऱ्यांत ही सूज दबून राहते आणि रक्त कमी येते. आत मात्र दाताला धरून ठेवणारे हाड झिजतच असते. विडी सुटल्यावर काही आठवड्यांत रक्त वाढलेले दिसते, ते हिरडी पुन्हा प्रतिसाद देऊ लागल्यामुळे. आजार जुनाच असतो, इतकी वर्षे मुकी असलेली घंटा तेवढी वाजू लागते. मशेरीची कथा वेगळी नाही. ती हिरडीला दातापासून मागे सारते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका आणते. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली, पण घरच्या तव्यावर बंदी कोण घालणार?

दातांच्या डॉक्टरकडे ते गेले ते वेगळ्याच मागणीने. खालच्या दोन दाढा केव्हाच पडल्या होत्या. निवृत्तीच्या पैशातून तिथे इम्प्लांट बसवायचे होते. डॉक्टरीणबाईंनी आधी खुणांची एक बारीक सळई काढली आणि प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीची खोली मोजली. निरोगी हिरडीत ती साधारण तीन मिलिमीटरपर्यंत भरते. सहाय्यक आकडे लिहीत होती: चार, सहा, सात. आयुष्यभर गेज वापरलेल्या माणसाला याहून अधिक समजावण्याची गरज नव्हती. माल नापास होता.

योगायोग असा की या गृहस्थांचे जन्मवर्ष १९६५. त्याच वर्षी डेन्मार्कमधील आर्हूस येथे हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी आपला प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे थांबवले. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि सफाई सुरू करताच पूर्ववत झाल्या. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क यांनी गोस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची कुपी हाडाशी इतकी एकजीव झाली की निघेना, या फसलेल्या क्षणातून ती कल्पना निघाली होती. लार्सन यांचे ते दात त्यांना चाळीस वर्षे पुरले.

मात्र स्क्रू धरतो तो हाडाच्या बळावर. नैसर्गिक दात तंतूंच्या जाळ्यात टांगलेला असतो. इम्प्लांटला ती गादी नसते आणि भोवती तोच जिवाणूथर साचला तर त्याचेही हाड झिजते. बाईंनी म्हणूनच आधी मुळांपर्यंतचे कीटण काढले, कारण ते एकदा दगडासारखे झाले की ब्रशने हलत नाही. साखरही तपासायला लावली, कारण मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बळ देतात. काढती कवळी किंवा ब्रिज हेही मार्ग त्यांनी सांगितले. गृहस्थांनी नाक मुरडले.

तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली. बरेच सहा चारवर आले होते, एक सात मात्र सातच राहिला. झिजलेले हाड बहुधा आपोआप परत येत नाही, हेही त्या दिवशी त्यांना कळले. इम्प्लांट पुढे ढकलले गेले. आता ते दोन दातांमधल्या फटींसाठी मिळणारा छोटा ब्रश खिशात ठेवतात, पूर्वी जिथे विडीबंडल असे त्याच खिशात, आणि रात्री आरशासमोर उभे राहून रक्त येते का ते पाहतात.