पिकअपचा टॉर्क कन्व्हर्टर

अस्करला अल्बात जाणाऱ्या एका मित्राने पिकअपच्या इंजिनात थोडा फेरफार केला. आता त्याला ३,००० आरपीएम स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर हवा आहे. शर्यतीला ठीक! पण रोजची ड्यूटी आणि शुक्रवारी मुलाबाळांसह मनामा?

कन्व्हर्टर इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देतो. स्टॉल जितका वरचा, तितकी हळू चालताना घसरण जास्त, आणि घसरण म्हणजे उष्णता. तेल तापले की दर १० अंशांना ऑक्सिडेशन साधारण दुप्पट (आम्हा केमिस्ट मंडळींचा जुना पाढा). इथे ऑगस्टात बाहेरच ४० अंश!

माझे मत, मूळ स्टॉलपेक्षा चार-पाचशेच जास्त घ्यावा. लॉक-अप हवाच. आणि ऑइल कूलर आधी बसवा, कन्व्हर्टर नंतर. तेलाला करपट वास आला, तर त्या शुक्रवारी मुलांना घेऊन निघू नका.