आमचा नवा खोकला

व्यसन सोडणाऱ्या मनुष्याला जगाकडून निदान शाबासकीची अपेक्षा असते. ती आम्हांला मिळाली. पण तिच्या पाठोपाठ एक खोकलाही मिळाला. शाबासकी आठवडाभरांत विरून गेली. खोकल्यानें मात्र आमच्या छातींत बिऱ्हाड थाटलें.

एकोणतीस वर्षें आम्हीं सिगारेट ओढली. रोजच्या दहा, आणि उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत पंधरा. एवढ्या काळांत सकाळचें थोडें खाकरणें सोडलें, तर आमच्या छातीनें कधीं तक्रार केली नाहीं, आणि या मौनाचा अर्थ आम्ही संमति असाच लावीत आलों. गेल्या आषाढांत आम्हीं सिगारेट सोडली. दहाव्या दिवशीं मध्यरात्रीं ठसका लागला आणि घरांतले सगळे दिवे लागले. तेव्हांपासून बँकेच्या रांगेंत, गाण्याच्या बैठकींत, व्याख्यानाच्या ऐन रंगांत, आमच्याआधीं आमचा खोकला बोलूं लागला. 'किंग लिअर'मधील वादळाचा प्रवेश शिकवितांना तर मागच्या बाकांवरील मुलांना तो नाटकाचाच भाग वाटला असावा.

प्राध्यापकांच्या खोलींतील एक स्नेही म्हणाले, "एक ओढून तर पाहा. खोकला जागच्या जागीं थांबतो कीं नाहीं तें सांगा." हा सल्ला दुष्ट होता, परंतु खोटा नव्हता. वाचकांपासून काय लपवावें? तिसऱ्या आठवड्यांत एके रात्रीं शब्दकोशामागें राहून गेलेली एक सिगारेट आम्हीं गच्चीवर नेऊन ओढली, आणि त्या रात्रीं खोकला खरोखरच मुकाट बसला. आम्हांला झोंप मात्र आली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं डॉक्टरांकडे गेलों. त्यांनीं सांगितलेली हकीकत मनोरंजक होती. श्वासनलिकांच्या आंतल्या अस्तरावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. ती एकसारखी हलत राहून धूळ आणि कफ घशाकडे लोटीत असते. तंबाखूच्या धुरानें ही लव लुळी पडते. कफ तर पूर्वींपेक्षां अधिक होतो, पण तो वर लोटणारें कोणी उरत नाहीं. धूर बंद झाला कीं लव पुन्हां हळूहळू कामाला लागते, आणि वर्षानुवर्षें सांचलेलें बाहेर काढूं लागते. म्हणजे ज्या शांततेचा आम्हांला अभिमान होता, ती झाडूवाल्यांच्या संपाची शांतता होती. आणि गच्चीवर जाऊन आम्हीं तो संप एका रात्रीपुरता पुन्हां घडवून आणला होता.

हें ऐकून आम्ही उठणार, तोंच डॉक्टरांनीं बसविलें. इतकीं वर्षें धूर घेतलेल्या मनुष्यानें प्रत्येक खोकला आपल्या सद्गुणाच्या खातीं जमा करूं नये, असें ते म्हणाले. आपल्या देशांत दोन आठवड्यांवर खोकला राहिला, तर क्षयासाठीं थुंकी तपासून घ्यावी लागते. वजन उतरतें आहे का, ताप येतो का, दम लागतो का, कफांत रक्त दिसलें का, असें त्यांनीं एकामागून एक विचारलें. छातीचा फोटोही काढविला. निकालाचे दोन दिवस आम्हीं कसे काढले तें सांगवत नाहीं. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध डॉल आणि हिल या इंग्रज संशोधकांनीं १९५० सालींच दाखवून दिला होता, म्हणजे आमच्या जन्माच्या पुष्कळ आधीं. ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती थोडीच? ती आम्ही सिगारेट ओढतां ओढतां इतरांना सांगत असूं.

निकाल निर्मळ आला. खोकला बहुधा कांहीं आठवड्यांत उतरेल, कोणाचा कांहीं महिनेही रेंगाळतो. मात्र आठ आठवड्यांवर गेला तर पुन्हां या, असें सांगून डॉक्टरांनीं निरोप दिला. कफ सुटत असतां खोकला दाबून टाकणारें औषध स्वतःच्या मनानें घेऊं नका, हें त्यांनीं बजावलें. मग घरगुती उपायांचें राज्य सुरू झालें. कोमट पाणी, मध, वाफ, डोक्याखालीं एक उशी जास्त. ज्येष्ठमधाची कांडी आम्हांला प्रिय झाली होती. पण ती फार चघळल्यानें रक्तदाब वाढतो असें कळल्यावर तीही गेली. एका वर्षांत किती प्रेमपात्रें सोडावीं! अडुळशाला मात्र आधुनिकांचाही आधार निघाला : त्यांतील एका द्रव्यावरूनच कफ पातळ करणारें ब्रोमहेक्सिन हें औषध तयार झालें आहे.

आतां सातवा आठवडा चालू आहे. काल रात्रीं सौभाग्यवती वाफेचें पातेलें घेऊन आल्या, तेव्हां आम्ही ओशाळून म्हणालों, "माझ्यामुळें रोज तुझी झोंप मोडते."

"मोडते खरी," त्या म्हणाल्या. "पण अहो, तुमचा खोकला आला आणि माझा गेला, हें तुमच्या लक्षांत आलें का?"

त्यांना खोकला होता, हेंच आमच्या लक्षांत नव्हतें. पंचवीस वर्षें स्वयंपाकघरांतून येणारा तो आवाज आम्ही फोडणीचा ठसका समजत होतों. आम्हीं पातेल्यावर मान घातली आणि पंचा डोक्यावरून ओढून घेतला. त्याखालीं चेहरा दिसत नाहीं, ही वाफेची एक मोठी सोय आहे.