बेंचवरची वही

बास्केटबॉलच्या नियमांत एक नियम आहे. मॅच चालू असताना बेंचसमोर मुख्य कोच उभा राहू शकतो, नाहीतर पहिला सहायक कोच. दोघं एकदम नाही. एका वेळी एकच.

मी नऊ वर्षं मुंबईतल्या एका कॉलेजच्या टीमचा सहायक कोच आहे. नऊ वर्षांत किती वेळा उभा राहिलो ते एका हाताच्या बोटांवर मोजावं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. तुम्ही ज्या कॉलेजात शिकता तेच समजा, फारसं चुकणार नाही.

सहायक म्हणजे काय ते आधी सांगतो. सकाळी सहाला जिमखान्याची चावी आणायची. जाळीतले बॉल काढायचे. डोक्याच्या उंचीवरून सोडलेला बॉल उसळून कमरेपर्यंत आला पाहिजे, नाही आला तर पंप मारायचा. पावसाचं पाणी कोर्टावर साचलं असेल तर शिपाई येईतो आपणच ओढायचं. नव्या पोरांना ले-अप शिकवायचा, एक-दोन-वर, एक-दोन-वर, डाव्या हातानं रडेस्तोवर. घोटा मुरगळला तर बर्फ, पट्टी. स्पर्धा आली की पात्रतेचे फॉर्म, फोटो, मार्कशीटच्या झेरॉक्स, प्राचार्यांची सही. समोरच्या टीमची मॅच आदल्या दिवशी उन्हात बसून बघायची. त्यांचा कुठला पोरगा फक्त उजवीकडूनच घुसतो, कुणाला दोन फाऊल झाले की हात आखडतो, ते टिपायचं. आणि मॅचमध्ये बेंचवर बसून वहीत कोर्टाचं चित्र काढायचं. जिथून शॉट मारला तिथं खूण. गेला तर टिंब, हुकला तर फुली.

जिंकलो तर सरांचा फोटो कॉलेजच्या अंकात. हरलो तर वही माझ्याकडं मागतात.

हा खेळ मी कॉलेजात शिकलो नाही. नागपाड्यात शिकलो. बीआयटी चाळीतून निघालं की चालत दहा मिनिटं. भारताचे कॅप्टन झालेले, १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसीर याच नागपाड्याचे. जवळच कामाठीपुरा, तो गोलपिठा, ज्याचं नाव नामदेव ढसाळांनी १९७२ साली आपल्या पहिल्या कवितासंग्रहाला दिलं. एका बाजूला ती दुनिया, एका बाजूला सिमेंटचं कोर्ट आणि दोन रिंगा. तिथं मुसलमान पोरं, ख्रिश्चन पोरं, आमची पोरं, सगळी घामानं सारखीच वास मारायची. बॉल पास करताना कुणी आडनाव विचारलं नाही. आडनाव मला पहिल्यांदा कॉलेजच्या जिमखान्यात विचारलं. चहा पिता पिता, गोड आवाजात.

तर आमच्या टीमचा सात नंबर. नाव लिहीत नाही, पोराला पुढं नोकरी धरायचीय. मानखुर्दच्या झोपडपट्टीतला. उंची फार नाही, पण हात लांब आणि डोळा असा की बॉल कुठं पडणार ते रिंगला लागायच्या आधीच त्याला कळायचं. बुटाचा तळ सुटलेला, सुतळीनं बांधलेला. चारचौघांत मला ‘सर’ म्हणायचा. कुणी नसलं की, ‘जयभीम दादा.’

प्रॅक्टिस सहाची. हा यायचा पावणेसातला. रोज. कारण पहाटे पेपरची लाईन टाकायचा. पेपर टाकून, सायकल मालकाकडं लावून, लोकल पकडून धावत यायचा. त्यावर घर चालत होतं. मला ठाऊक होतं. सरांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही.

हजेरीची वही माझ्याकडं. मी रोज त्याच्या नावासमोर लिहायचो, ‘उशिरा’. खोटं नव्हतं. दुपारी बारा वाजता, सिमेंट तापून पाय भाजत असताना, मी त्याला एकट्याला घेऊन चुकलेली पाऊण तास प्रॅक्टिस करून घ्यायचो. ते मात्र वहीत कुठं लिहिलं नाही. वहीत तसा रकानाच नव्हता. रकाना आखायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

स्पर्धेसाठी बारा जणांची यादी करायची वेळ आली. सर खुर्चीत, मी समोर पेन घेऊन. माझं अक्षर चांगलं, म्हणून यादी मीच लिहितो. सरांनी नावं सांगितली. बारा झाली. सात नंबर नव्हता. बारावं नाव होतं त्या पोराला मी ओळखत होतो. बूट भारी. डाव्या हाताला बॉल गेला की घाबरायचा.

मी म्हणालो, ‘सर, सात नंबर?’

सर म्हणाले, ‘वही तूच लिहितोस ना? बघ, महिन्यात किती वेळा उशिरा. शिस्त नको का?’

वही माझीच. अक्षर माझंच. मी गप्प बसलो. यादी लिहिली, सहीला पुढं केली.

दुसऱ्या दिवशी यादी बोर्डावर लागली. पोरगं बराच वेळ समोर उभं. मग माझ्याकडं आलं. ‘दादा, अक्षर तुमचं हाय ना?’

एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री झोप लागली नाही. सरांना दोष देणं सोपं होतं, ते मी पोटभर दिलं. पण ‘उशिरा’ हा शब्द सरांनी लिहिला नव्हता. तो मी लिहिला होता, रोज, गोल अक्षरात. साला, आपल्याच हातानं आपल्याच पोराचा दाखला काळा केला आणि त्याला ड्यूटी म्हणालो.

या खेळाचा इतिहास मी नंतर वाचला. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत स्प्रिंगफील्ड इथं वायएमसीएच्या शाळेत जेम्स नेस्मिथ या मास्तरानं हा खेळ काढला. त्यानं इमारतीची देखभाल करणाऱ्या माणसाकडं दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, म्हणून त्या माणसानं पीच फळाच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या दहा फुटांवर कठड्याला ठोकल्या. आजही रिंग दहा फुटांवरच. टोपलीला बूड होतं, त्यामुळं बास्केट झाली की कुणीतरी वर चढून बॉल काढायचा. मास्तराचं नाव जगभर झालं. टोपली देणाऱ्याचं एखाद्या ओळीत येतं. वर चढून बॉल काढणाऱ्याचं येतच नाही. आपण त्या तिसऱ्या माणसाचे सोयरे.

याच नेस्मिथच्या हाताखाली पुढं कॅन्सस विद्यापीठात जॉन मॅकलेंडन हा काळा पोरगा शिकला. ज्यानं खेळ काढला तोच त्याचा मार्गदर्शक, पण विद्यापीठाच्या टीममध्ये काळ्याला जागा नाही. एकदा तो तिथल्या पोहायच्या तलावात उतरला, तर नंतर तलावाचं सगळं पाणी काढून टाकलं. हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसलो. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्यानंतर तिथल्या सवर्णांनी शेण-गोमूत्र ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. समुद्र ओलांडला तरी पाणी बाटतंच. तिकडं उपसतात, इकडं शेण कालवतात.

मॅकलेंडन १९३६ साली पदवी घेऊन बाहेर पडला आणि काळ्यांच्या कॉलेजांत कोच झाला. १२ मार्च १९४४, रविवार सकाळ. डरहॅम गाव. गोरे लोक चर्चमध्ये. मॅकलेंडनच्या काळ्या पोरांनी ड्यूक विद्यापीठाच्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांबरोबर दारं लावून चोरून मॅच खेळली. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र खेळणं त्या मुलखात गुन्हा. काळी पोरं ८८, गोरी पोरं ४४. मग दोन्हीकडची पोरं मिसळून पुन्हा खेळली. ही मॅच कित्येक वर्षं कुणाला ठाऊक नव्हती. पुढं १९५७, ५८, ५९ अशी सलग तीन वर्षं त्याच्या टेनेसीच्या टीमनं राष्ट्रीय अजिंक्यपद घेतलं.

मला त्या ८८-४४ मध्ये एक गोष्ट दिसली. कुणीतरी ते आकडे जपून ठेवले. आकडे नसते तर ‘काळी पोरं बरी खेळतात हो’ एवढीच दंतकथा उरली असती.

पुढच्या वर्षी मी नवी वही घेतली. हजेरीचे रकाने वाढवले. कोण कुठून येतो. सकाळी काय काम करतो. चुकलेली प्रॅक्टिस कधी भरून काढली. आणि लिहायला लागल्यावर कळलं की उशिरा येणारा सात नंबर एकटा नाही. एक पोरगा नळाला पाणी येतं तेव्हा लाईनीत उभा राहतो, कारण आई कामाला गेलेली असते. एक अंबरनाथहून येतो, आधीच्या लोकलला लोंबकळायलाही जागा नसते. या दोघांची जात आपली नाही. गरिबी मात्र ओळखीची. वर्षभर मी त्यांच्या नावासमोरही ‘उशिरा’ लिहीत होतो.

यादीच्या आठ दिवस आधी वही सरांपुढं ठेवली. प्रॅक्टिस सव्वासातला करा म्हणालो.

सर हसले. ‘खेळात जात-बीत आणू नकोस रे. इथं फक्त मेरिट.’

खेळात जात नसते! पळवणकर बाळूंना पुण्याच्या क्लबात साहेबांना तासन्‌तास बॉलिंग टाकायला ठेवलं होतं, बॅट हातात दिली नाही. हिंदूंच्या टीमकडून विकेटी काढायचे तेव्हा त्यांचा चहा मैदानाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ विकेटी काढल्या, तरी कॅप्टनपद नाही. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसकडून बाबासाहेबांच्याच विरोधात उभे राहिले आणि पडले, हेही लिहून ठेवतो. पण त्यानं मातीचं भांडं खोटं ठरत नाही.

हे सगळं मी सरांना म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, ‘सर, मेरिटच आणलंय.’ आणि सराव सामन्यांची पानं उघडली. टिंबं आणि फुल्या. रिबाऊंड किती, चुकीचे पास किती. सात नंबरचं पान आणि गेल्या वर्षीच्या बाराव्याचं पान शेजारी शेजारी.

सर बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, ‘बघू. तू यादी लिहायला घे. गेल्या वर्षीचीच नावं.’

पेन माझ्या हातात होतं. ते मी टेबलावर ठेवलं. आवाज थोडा कापला, खोटं कशाला सांगू. म्हणालो, ‘मग ही यादी तुमच्या अक्षरात लिहा सर. माझ्या नको.’

कुणी ओरडलं नाही. पंखा फिरत होता. सरांनी पेन उचललं, अकरा नावं लिहिली, थांबले. बारावं सात नंबरचं लिहिलं. वर न बघता म्हणाले, ‘सव्वासात. पण त्यानंतर एक मिनिट नाही.’

मी विजय मिळवला असं कुणी समजू नका. सरांचं मन बदललं की त्यांना पुढची कटकट नको होती, मला ठाऊक नाही. सात नंबर दुसऱ्या मॅचला तिसऱ्या क्वार्टरमध्ये उतरला. चांगला खेळला. शेवटी दोन फ्री थ्रो मिळाले, एक हुकला. आम्ही एका पॉइंटनं हरलो. मी वहीत फुली मारली. आपला पोरगा म्हणून टिंब नाही मारलं.

बसमध्ये माझ्याशेजारी येऊन बसला. ‘दादा, माझ्यामुळं गेली.’

मी वही उघडून दाखवली. टीमचे मिळून नऊ फ्री थ्रो हुकले होते. त्याचा एक. ‘उद्या सव्वासातला ये,’ म्हणालो. ‘शंभर टाकू.’

आला. सात वाजून दहा मिनिटांनी.

त्या वर्षी माझ्या मानधनाचा कागद तीन महिने उशिरा निघाला. कारण कुणी सांगितलं नाही. मी विचारलं, लेखी. उत्तर अजून यायचंय. अर्जाची पोच जपून ठेवलीय.

दोस्तहो, आपण मोर्चाला जातो, बोर्ड लावतो, १४ एप्रिलला नाचतो. सगळं पाहिजे. पण कॉलेजात हजेरीची वही कुणाच्या हातात आहे, तीही बघा. हॉस्टेलची, लायब्ररीची, स्कॉलरशिपच्या फॉर्मांची, जिमखान्याची. बऱ्याच ठिकाणी ती आपल्यासारख्याच एखाद्या सहायकाच्या हातात असते. सही वरच्याची, अक्षर आपलं. त्या माणसाला जाऊन भेटा. त्याला शिव्या देऊ नका, आधी विचारा, ‘दादा, वहीत रकाने किती?’

मी अजून बेंचवरच बसतो. उभे सर राहतात. तो नियम आहे, मला मान्य आहे. वही मांडीवर असते.