डोंगर, दलदल आणि दिग्व्रत



परदेशी मुलांकडे राहायला गेलं की आपल्यापैकी बहुतेकींवर एक वेळ येतेच. शुक्रवारी रात्री मुलगा म्हणतो, "आई, उद्या डोंगरावर जाऊ या. सोपाच ट्रेक आहे." लगेच आपल्या डोक्यात तीन प्रश्न उभे राहतात. गुडघे साथ देतील का? डब्यात काय न्यायचं? आणि सूर्यास्ताच्या आत घरी येऊन जेवण होईल का? चौथा प्रश्न आपण बोलून दाखवत नाही, तो म्हणजे माझ्यामुळे यांचा दिवस वाया जाणार नाही ना?

यंदा मी स्पेनमध्ये बिलबाओला मुलाकडे होते. जुलैपासून नव्वद दिवसांचा व्हिसा होता. दशलक्षण पर्व तिथेच केलं. सप्टेंबरच्या शेवटी, परतीच्या तिकिटाला आठ दिवस राहिले असताना आम्ही सांतोन्याला गेलो. बिलबाओहून पश्चिमेला मोटारीने साधारण तासाभराचं अंतर. कांताब्रिया प्रांतातलं हे समुद्रकाठचं गाव. गावाच्या एका अंगाला बुसिएरो नावाचा ३७६ मीटर उंचीचा चुनखडीचा डोंगर, त्याचे कडे सरळ समुद्रात उतरलेले, आणि दुसऱ्या अंगाला आसोन नदीच्या खाडीची मैलोगणती दलदल. सांतोन्या, व्हिक्टोरिया आणि होयेल या तीन पाणथळींच्या नावाने इथे नैसर्गिक उद्यान केलेलं आहे. डोंगर, कडे आणि दलदल एका दिवसात पाहून होतात.

आता दिग्व्रताकडे येते. हे गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी मी माताजींकडे दिग्व्रत घेतलं. भारत आणि मुलगा राहतो तो देश, एवढीच हद्द. आपल्याला माहीत आहे की या व्रतात फक्त पूर्व-पश्चिम मोजत नाहीत, वर किती आणि खाली किती तेही ठरवायचं असतं. लहानपणी पाठशाळेत ऊर्ध्व, अधो, तिर्यक असं पाठ केलं होतं, तेव्हा वाटायचं की आकाशात आणि पाताळात कोण जाणार आहे! बुसिएरोवर गेल्यावर कळलं की हे शब्द किती रोजच्या व्यवहाराचे आहेत.

त्या डोंगराच्या पायथ्याशी, कड्याखाली, एक जुना दीपस्तंभ आहे. फारो देल काबायो, म्हणजे घोड्याचा दीपस्तंभ. तो १८६३ साली बांधला. आता त्याचा दिवा लागत नाही. त्याच्याकडे जायला कड्यातून सातशेहून अधिक पायऱ्या उतरतात. त्या काळी कैद्यांकडून त्या बांधून घेतल्या असं सांगतात. उतरायचं म्हणजे तेवढ्याच चढून परत यायचं, आणि पायऱ्या आपल्या कुंभोजच्या बाहुबलीसारख्या एकसारख्या नाहीत. कुठे टाचभर, कुठे गुडघाभर. हे मुलाने आदल्या रात्री मोबाइलवर दाखवलं. मी सकाळी निघण्यापूर्वी णमोकार म्हणून आजच्या दिवसापुरतं देशव्रत घेतलं : जंगलातल्या वाटेने पायऱ्यांच्या तोंडापर्यंत जायचं, खाली उतरायचं नाही. घरातच सगळ्यांना सांगून टाकलं. मुलगा म्हणाला, "तिथे गेल्यावर बघू." मी म्हटलं, "तिथे गेल्यावर बघायचं नाही, म्हणूनच इथे सांगते."

डब्यात दशम्या, बिनलसणीचे भडंग, मुगाचे लाडू आणि कच्च्या केळ्याची कोरडी भाजी होती. पाणी उकळून, गाळून घेतलेलं. जुलैत तिथे सूर्य साडेनऊ-पावणेदहाला मावळायचा, आता आठच्या सुमाराला. त्यामुळे परत येऊन जेवायला भरपूर वेळ होता.

गावाच्या टोकाला सान मार्तीन नावाचा जुना किल्ला आहे. तिथून वाट वर जंगलात शिरते. जंगल हिरव्यागार ओक झाडांचं, मध्ये मध्ये तमालपत्रासारख्या वासाची लॉरेलची झाडं. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता. आणि वाटेवर बघते तर गोगलगायी! शंखाच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, आणि बिनशंखाच्या काळ्याकुळकुळीत बोटभर लांब. शंख घडवायला चुना लागतो आणि हा सगळा डोंगरच चुनखडीचा, मग त्यांची चंगळ असणारच.

तुम्हीच सांगा, अशा वाटेवर आपण कसं चालणार? ईर्यासमिती मुनिमहाराजांची, पण चार हात जमीन पाहून पाऊल टाकायला श्रावकांना कोणी मनाई केलेली नाही. मी काठीला रबरी बूच लावलं होतं. काठी टेकायची जागा बघायची, मग पाऊल. मुलगा आणि तेरा वर्षांचा नातू पुढे निघून गेले. सात वर्षांची नात माझ्याबरोबर राहिली आणि मोजायला लागली. पायऱ्यांच्या तोंडापर्यंत तिच्या हिशेबाने एकशे चौदा झाल्या. आम्हाला दीड तास लागला, बाकी लोक तासाभरात जातात. पण गंमत अशी की गुडघा एकदाही कुरकुरला नाही. घाईने टाकलेलं पाऊलच गुडघ्याला लागतं, हे मला साठी उलटल्यावर तिथे कळलं. चातुर्मासात साधू एका जागी का थांबतात, हेही नातीला वेगळं समजवावं लागलं नाही. ओल्या वाटेवर किती जीव असतात ते तिने स्वतः मोजलं होतं.

पायऱ्यांच्या तोंडाशी मुलाने आणि नातवाने एकदा आग्रह केला, मग ते दोघं खाली गेले. मी एका सपाट दगडावर बसून दोन घडीचं सामायिक केलं. डोळे मिटले तरी खालून लाटांचा आवाज येत होता.

सामायिक आटोपलं तसं सूनबाईने विषय काढला. तो येणार हे मला जुलैपासून ठाऊक होतं. "आई, तुम्ही इकडेच राहा ना. कागदपत्रांचं आम्ही बघतो. जानेवारीपासून मी पूर्ण वेळ कामावर जाणार. हिला शाळेतून आणायला कोणी नाही. आणि सांगलीत तुम्ही एकट्या." तिचे डोळे भरून आले होते. ती खोटं बोलत नव्हती. तिची ओढाताण मी तीन महिने बघत होते.

मीही कॉमर्सची विद्यार्थिनी, हिशेब मांडल्याशिवाय मला उत्तर सुचत नाही. एका बाजूला हे घर, ही पोरगी. दुसऱ्या बाजूला सांगलीचं घर, रोजचा अभिषेक, रविवारची पाठशाळा आणि माझ्या धाकट्या जावेची आजारपणं. मी तिला म्हटलं, "दरवर्षी तीन महिने येईन. ते कुठले, हे आत्ताच तू ठरव. त्या तीन महिन्यांत हिची शाळा, स्वयंपाक माझ्याकडे. बाकीच्या नऊ महिन्यांची सोय तुम्ही आधीपासून करा. हो म्हणून येईन आणि मग आतल्या आत कुढत राहीन, तसं मला करायचं नाही." ती बराच वेळ गप्प होती. तिला वाईट वाटलं हे मला दिसत होतं. मीही काही बोलले नाही. उतरताना तिने माझा हात धरला आणि विचारलं, "मार्च ते मे चालेल?"

दुपारी दलदलीच्या काठाला गेलो. तिथे भरती-ओहोटीत पाणी चार मीटरपर्यंत वर-खाली होतं. ओहोटी होती. चिखलात पांढरेशुभ्र चमचे उभे होते. चमचा म्हणजे चपट्या चोचीचा तो पक्षी, थंडीत आपल्या भिगवणलाही उजनीच्या पाण्यावर दिसतो. नेदरलँड्सकडचे चमचे सप्टेंबरात आफ्रिकेकडे जाताना इथे उतरतात. चिखलातले लहान मासे, कोळंबी खातात, बळ आलं की पुढे उडतात. ही एक जागा हुकली तर पुढचा प्रवास त्यांना जड जातो.

आणि ही जागा जवळजवळ गेलीच होती. १९८०च्या दशकात इथे भराव पडत होते, औद्योगिक वसाहती आखल्या होत्या, दलदलीतून रस्ता काढला होता, सांडपाणी सोडलं जात होतं. युरोपीय आयोगाने स्पेनविरुद्ध युरोपीय न्यायालयात दावा लावला. २ ऑगस्ट १९९३ रोजी स्पेनच्या विरोधात निकाल लागला. कायद्याच्या पुस्तकात हा खटला सांतोन्याच्या नावानेच ओळखला जातो. सरकार म्हणत होतं की पक्षी काही कमी झालेले नाहीत. न्यायालयाने सांगितलं की संरक्षणाचं कर्तव्य पक्षी कमी होण्याच्या आधीपासूनच असतं, नुकसान दिसेपर्यंत थांबायचं नसतं.

फलकावरची माहिती मुलाने मला मराठीत सांगितली तेव्हा मी दोनदा विचारून घेतलं. आपल्या गुणव्रतांचं मर्म याहून वेगळं काय आहे? पाप घडल्यावर प्रायश्चित्त आहेच, पण दिग्व्रत, देशव्रत ही आधी आखायची रेघ आहे. मन शांत असताना आखायची, म्हणजे मोह समोर आला की वाद घालावा लागत नाही.

आपल्या बायकांचं उलटं होतं. पोटात गोळा आला की "नको बाई" म्हणतो, आणि कोणी आग्रह केला की "बरं" म्हणतो. दोन्ही वेळा निर्णय दुसऱ्याचा. भीतीने थांबणं म्हणजे मर्यादा नव्हे आणि भिडेखातर पुढे जाणं म्हणजे धाडस नव्हे.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलं डोंगरावर नेतो म्हणाली तर जरूर जा. वाट किती लांब, चढ-उतार किती, आणि परत कधी, हे आदल्या रात्री विचारा. सकाळी देशव्रत घ्या आणि मोठ्याने सांगा. काठीला रबरी बूच लावा. पावसानंतरच्या वाटेवर दुप्पट वेळ धरा. पाणी घरचं न्या, डबा कोरडा न्या. आणि घरात मोठा विषय निघणार असेल, मुलांकडे कायमचं राहण्याचा, नातवंडं सांभाळण्याचा, घर विकण्याचा, तर तुमची रेघ तो निघायच्या आधी स्वतःशी आखून ठेवा. वर किती, खाली किती, बाजूला किती. ती आखलेली असली की प्रेमाने बोलता येतं.

उत्तम क्षमा.